मास्तर परत आले नाहीत

नोंदवही सापडली ती पाण्याच्या टाकीखालच्या लोखंडी पेटीत, आणि सापडली तीही नेमकी डॉक्टरीणबाईंना. दुसऱ्या कोणाच्या हाती लागली असती तर कडेने वाळवीने खाल्लेलं ते जाडजूड बाड त्याने सरळ इंजिनाच्या भट्टीत टाकलं असतं आणि मास्तरांचे पुढचे दोन महिने सुखाने गेले असते.

मास्तर म्हणजे मधल्या स्टेशनचे मास्तर. ही रेल्वे उणीपुरी नऊ किलोमीटरची. एका टोकाला शहर, दुसऱ्या टोकाला बंद पडलेल्या वीटभट्ट्या, आणि मधोमध हे स्टेशन. सत्तर पावलांचा फलाट, एक तिकीटखिडकी, एक बाक आणि एक पितळी घंटा, एवढाच संसार. मोठी रेल्वे या लाइनीला कधीच विसरून गेली होती. मग हौशी मंडळींनी संस्था काढली, रुळांवरचा गंज खरवडला, वाफेचं एक इंजिन आणि तीन डबे चालते केले, आणि जुन्या काळातली गाडी बघायला लांबलांबहून माणसं येऊ लागली.

संस्थेतले बाकीचे सगळे हौशी. इंजिन चालवणारा आधी औषधाचं दुकान चालवायचा. मास्तर तेवढे अस्सल. चौतीस वर्षं मोठ्या रेल्वेत घालवून निवृत्त झालेले. उंच, शिडशिडीत, मिशीला पीळ, आणि वेळेच्या बाबतीत नाकावर माशी बसू देणार नाहीत असे. आठ वर्षांत त्यांच्या स्टेशनातून गाडी अर्ध्या मिनिटानेही चुकली नव्हती. मास्तरीणबाई जुन्या पार्सलखोलीत चहा करायच्या. गाडीचे गार्ड म्हणजे मास्तरीणबाईंचे सख्खे थोरले भाऊ. त्यांना सगळे दादा म्हणत, मास्तरसुद्धा. मास्तर आणि दादा यांचं नातं एकोणतीस वर्षांचं, पण दोघांमध्ये हिरवा झेंडा, लाल झेंडा आणि ‘बरं आहे ना?’ यापलीकडे बोलणं झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर, आणि संस्थेच्या अध्यक्ष. गावात दुसरा दातांचा डॉक्टर नसल्यामुळे संस्थेचे बहुतेक ठराव त्यांच्या दवाखान्यातच व्हायचे. सभासद खुर्चीत आडवा, तोंड उघडं, तोंडात आरसा. अशा वेळी बाई ठराव मांडायच्या आणि विचारायच्या, ‘चालेल ना?’ आजवर एकही ठराव बहुमताने झाला नव्हता. सगळे एकमताने.

नोंदवहीचा ठरावही तसाच झाला. वही होती सत्तरएक वर्षांपूर्वीच्या मास्तरांची. दर दिवसाला एक नोंद, दोन ओळींची, कधी तीन. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं की संस्थेचं ब्रीद ‘जसं होतं तसं’, मग इंजिन आणि डबेच तेवढे जसे होते तसे का? दिवससुद्धा जसे होते तसे झाले पाहिजेत. वहीतली तारीख गाठायची आणि त्या दिवशी जे घडलं ते घडवायचं. पुढचं पान आधी वाचायचं नाही, कारण जुन्या मास्तरांना तरी उद्याचं कुठे माहीत होतं? वही दवाखान्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली बाईंच्या गळ्यात. रोज संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने दादांच्या हाती एक चिठ्ठी यायची, तीत दुसऱ्या दिवसाची नोंद उतरवलेली.

पहिली चिठ्ठी साधी होती. ‘हवा स्वच्छ. प्रवासी सात. एक कोंबडी.’ मास्तरांनी ती दोनदा वाचली आणि बायकोपुढे धरली.

मास्तरीणबाई म्हणाल्या, “कोंबडी मी आणते. हवेचं तुम्ही बघा.”

हवा आपण होऊन स्वच्छ राहिली. कोंबडीही मिळाली. अडचण झाली प्रवाशांची. सात तिकिटं गेली आणि आठव्या आल्या एक आजी, हातात पिशवी, बहिणीला भेटायला निघालेल्या. मास्तरांनी त्यांना समजावून सांगितलं की आज सातच प्रवासी होते. आजी म्हणाल्या, मग मी कोण आहे? मास्तरांनी तिकिटं पुन्हा मोजून पाहिली. शेवटी एका तरुण जोडप्यातल्या नवऱ्याने आपली जागा आजींना दिली आणि तो रुळांच्या कडेकडेने बायकोच्या डब्याबरोबर पळत गेला. गाडीचा वेगच असा होता की त्याला फारशी दगदग झाली नाही.

पंधरवडा असा गेला. एक दिवस घंटेचा लोलक हरवायचा होता, तो हरवला आणि दुसऱ्या दिवशी सापडायचा होता तेव्हा खरोखरच सापडेना. एक दिवस ‘फलाटावर एका प्रवाशास शिंका’ अशी नोंद निघाली. मास्तरीणबाईंनी मिरपूड घेऊन तो प्रश्न सोडवला. लोकांना हे भलतंच आवडलं. मास्तरही मनाची समजूत घालत होते, कारण काही झालं तरी गाडी वेळेवर सुटत होती.

मग ती चिठ्ठी आली. ‘सकाळची गाडी बावन्न मिनिटे उशिरा. रुळावर गाय. उठेना.’

मास्तरांनी त्या रात्रीचं जेवण ताटात तसंच ठेवलं. सकाळी ते डॉक्टरीणबाईंना अजिजीने म्हणाले, गाय बसवू, फोटोही काढू, पण गाडी जरा आधी सोडून तेवढी बावन्न मिनिटं भरून काढता येतील. बाईंनी त्यांच्याकडे किडलेल्या दाढेकडे बघावं तसं पाहिलं आणि विचारलं, जुन्या मास्तरांनी भरून काढली होती का?

गाय शेजारच्या गवळणीची. गवळण तिला घेऊन वेळेआधीच आली. गाय गुणी होती, पण रुळावर बसायचं काही मनावर घेईना. ती फलाटावर बसली, तिकीटखिडकीपाशी बसली, एकदा तर बाकावर बसायचा विचार करताना दिसली. गवळणीने रुळांमध्ये पेंढा पसरला, त्यावर ओला चारा ठेवला, गळ्याखाली खाजवलं. गाडी धापा टाकत समोर उभी, डब्यांच्या खिडक्यांतून तोंडं बाहेर, आणि मास्तर हातात घड्याळ घेऊन घामाघूम. अखेर गाय बसली. डॉक्टरीणबाईंनी वेळ मोजायला सुरुवात केली. बावन्न मिनिटं झाल्यावर त्यांनी हात वर केला आणि गाय उठवायला सांगितली.

गाय उठेना. चारा संपला तरी उठेना, शेपूट पिरगाळली तरी उठेना. गवळण म्हणाली, तिला जागा पसंत पडलेली दिसते. एक तास झाला, दोन तास झाले. मास्तर डॉक्टरीणबाईंपाशी गेले आणि त्यांनी विचारलं, स्टेशनच्या आजच्या नोंदीत आता काय लिहायचं? बाईंनी क्षणभर विचार केला.

“बावन्न मिनिटांपर्यंतचा उशीर संस्थेचा,” त्या म्हणाल्या. “त्यापुढचा गाईचा वैयक्तिक.”

गाडी तीन तास दहा मिनिटं उशिरा सुटली. लोक खूश होऊन हात हलवत गेले. मास्तर मात्र घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

यातून ते जरा सावरतात न सावरतात तोच पुढची मोठी चिठ्ठी आली. ‘गार्डाशी भांडण. अकरा दिवस अबोला.’ कारण लिहिलेलं नव्हतं.

भांडण दुपारच्या गाडीला ठरलं. फलाटावर पन्नासेक माणसं गोळा झाली होती. दादा गार्डाच्या डब्यातून उतरले, मास्तरांसमोर उभे राहिले, आणि दोघेही सभ्य माणसं असल्यामुळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी दादा म्हणाले, तुमचा झेंडा मळलाय. मास्तर म्हणाले, असेल, धुवून टाकतो. दादांनी पुन्हा प्रयत्न केला आणि म्हणाले, घंटाही नीट वाजत नाही. मास्तर म्हणाले, खरं आहे, लोलक हरवलाय. गर्दीत चुळबुळ सुरू झाली. डॉक्टरीणबाई मागून हलक्या आवाजात म्हणाल्या की हे भांडण नाही, ही तपासणी आहे. काहीतरी घरचं काढा.

दादांनी मान खाली घातली. मग त्यांनी मान वर केली ती वेगळ्याच चेहऱ्याने.

“एक मिनिट थांबवली असती गाडी, तर काय आभाळ कोसळलं असतं?”

मास्तरांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मास्तर मोठ्या रेल्वेत, दुसऱ्या एका स्टेशनावर होते. दादांची आणि मास्तरीणबाईंची आई अंथरुणाला खिळलेली, शेवटचं बोलावणं आलेलं. सकाळच्या गाडीने मास्तरीणबाई निघणार होत्या. मास्तर फलाटाच्या इंजिनाकडच्या टोकाला झेंडा घेऊन उभे. वेळ झाली, झेंडा दाखवला, गाडी गेली; आणि ते वळून बघतात तो बायको बॅग घेऊन फलाटावरच उभी. पुढची गाडी चार तासांनी होती. तिने जाऊन बघितलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून आजतागायत या विषयावर कोणी चकार शब्द काढला नव्हता. मास्तरांनी नाही, दादांनी नाही, मास्तरीणबाईंनीही नाही.

“आई दाराकडे बघत गेली,” दादा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. “माझी बहीण एक मिनिट उशिरा आली म्हणून तुम्ही तिला मागे टाकून गाडी सोडलीत. माणूस आहात की घड्याळ?”

त्यांना म्हणायचं होतं की मला दिसली नाही. पण दिसली असती तर थांबवली असती का, हा प्रश्न त्यांनी वीस वर्षं स्वतःला विचारला होता आणि उत्तर आलं की दरवेळी ते कूस बदलत होते. दादा डब्यात चढले, शिट्टी मारली, गाडी गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई डोळे पुसत मास्तरांना म्हणाल्या, तुम्ही दोघं किती खरं करता हो. पार्सलखोलीच्या दारात मास्तरीणबाई उभ्या होत्या. किटलीतला चहा उतू जाऊन विस्तव विझला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

अबोला काही नाटकातला राहिला नाही. दादा चिठ्ठी आणून बाकावर ठेवायचे आणि मान फिरवून निघून जायचे. घरातही मास्तरीणबाई विचारलं तेवढंच बोलत होत्या. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवसाची चिठ्ठी घेऊन डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, आणि पहिल्यांदाच त्या जरा ओशाळल्यासारख्या दिसत होत्या. त्या म्हणाल्या, या पानावर अक्षर वेगळं आहे. बहुधा त्या वेळच्या गार्डाने लिहिलं असावं.

‘मास्तर आज चार दहाच्या गाडीने निघून गेले. कारण सांगितले नाही. परत आले नाहीत.’

मास्तरांनी विचारलं, परत आले नाहीत म्हणजे त्या दिवशी, की कधीच? बाई म्हणाल्या, पुढचं मी वाचत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण ‘परत आले नाहीत’चा अर्थ त्यांनीही तोच लावला होता, जो कोणीही लावेल. कुठे गेले ते लिहिलेलं नव्हतं, पण चार दहाची गाडी वीटभट्ट्यांकडे जाते आणि पुढे रूळच नाहीत, म्हणजे जाऊन जाऊन माणूस जाणार कुठे? तिथे बाजूच्या रुळावर एक जुना डबा उभा होता, पाहुण्यांसाठी म्हणून संस्थेने त्यात दोन पलंग टाकले होते. मास्तरांनी काही दिवस तिथे राहावं, असं बाईंनी सुचवलं. सुचवलं म्हणजे ठराव झाला.

मास्तरांनी नकार का दिला नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कदाचित गेले सहा दिवस त्यांना हेच हवं होतं. चार वाजता त्यांनी टोपी खुंटीला अडकवली, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, दोन सदरे आणि दाढीचं सामान पिशवीत कोंबलं. फलाटावर येऊन बघतात तो मास्तरीणबाई बॅग घेऊन उभ्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वहीत मास्तरीणबाईंचा उल्लेख नाही.

“मनाईही नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या आणि गाडीत चढल्या. चार दहाच्या गाडीला हिरवा झेंडा दाखवायला कोणी नव्हतं. गाडी चार दहाला सुटली.

वीटभट्ट्यांपाशी काही म्हणजे काही नव्हतं. पाण्याची टाकी, अर्धवट पडलेली धुरांडी, गुडघाभर गवत. गाडी यायची, इंजिन टाकीखाली पाणी प्यायचं, माणसं दहा मिनिटं पाय मोकळे करायची आणि गाडी निघून जायची. मग सगळीकडे सामसूम. मास्तर पहिले दोन दिवस डब्याच्या पायरीवर बसून लांबून येणाऱ्या गाडीची वेळ बघत होते. गाडी दोन्ही दिवस वेळेवर आली. तिसऱ्या दिवशीही आली. चौथ्या दिवशी त्यांनी घड्याळ पिशवीत ठेवून दिलं, कारण त्यांच्यावाचून वेळेवर येणाऱ्या गाडीकडे बघवेना.

दादा रोज गाडीबरोबर यायचे. अबोला चालू असल्यामुळे बोलायचे नाहीत, पण पाव, बटाटे, चहाची पूड असं काहीबाही पायरीवर ठेवून जायचे. एकदा त्यांनी मास्तरांची चप्पल तुटलेली पाहिली आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने नवी जोडी आणून ठेवली. मापाने बरोबर.

चौथ्याच दिवशी दुपारी मास्तर मोठ्या कष्टाने बायकोला म्हणाले, त्या दिवशी तू पळत आलीस ते मला दिसलं नाही. खरंच दिसलं नाही. पण दिसलं असतं तर काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

मास्तरीणबाई बटाटे सोलत होत्या. त्यांनी हातातला बटाटा सोलून पुरा केला, पाण्यात टाकला, सुरी पुसली.

“मी पळत आलेच नव्हते,” त्या म्हणाल्या. “मी वीस मिनिटं आधीच येऊन बसले होते. तुमच्या ऑफिसाच्या पलीकडच्या बाकावर. गाडी आली, माझ्या पुढ्यातच डबा उभा राहिला. दार उघडं होतं. मला चढवेना.”



त्या सांगत राहिल्या. आईला तशी बघायची नव्हती. आपण पोचलो नाही तर आई जाणारही नाही, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात बसलं होतं. गाडी हलली तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या, आणि त्याच वेळी मास्तरांनी वळून बघितलं. त्यांचा चेहरा बघूनच कळलं की त्यांनी काय समज करून घेतलाय. त्या क्षणीच खरं सांगायला हवं होतं. मग दादांनीही तोच समज करून घेतला. आधी दिवस गेले, मग महिने गेले, आणि पुढे पुढे ती गोष्ट सांगण्यापेक्षा झाकणं सोपं होऊन बसलं.

“वीस वर्षं तुमच्या डोक्यावर ठेवलं मी ते,” त्या म्हणाल्या. “रोज सांगावंसं वाटायचं, आणि रोज गाडीची वेळ व्हायची.”

मास्तर उठले. गवतातून टाकीपर्यंत गेले, टाकीला एक फेरी मारली आणि परत आले. रागवावं असं त्यांना वाटत होतं आणि राग कुठून आणावा ते कळत नव्हतं. एवढं ओझं उतरल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं, पण त्यांना आधी तोल गेल्यासारखंच झालं. वीस वर्षं ते स्वतःला ज्या गुन्ह्यासाठी कोसत होते तो त्यांनी केलाच नव्हता, आणि आता त्या जागी काय ठेवायचं? ते पायरीवर बायकोशेजारी टेकले आणि त्यांनी दुसरी सुरी घेतली. बटाटे त्यांनी आयुष्यात कधी सोलले नव्हते. सालीबरोबर अर्धा बटाटा जात होता. मास्तरीणबाईंनी ते बघितलं आणि सोलायला आणखी दोन बटाटे काढले.

बटाटे संपत आले तेव्हा मास्तर म्हणाले, दादांना सांगायला पाहिजे.

“अबोला संपू दे,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “अजून एकच दिवस आहे.”

अबोला संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा गाडीतून उतरले आणि लांबूनच म्हणाले, “बरं आहे ना?” मास्तर म्हणाले, बरं आहे. मग मास्तरीणबाईंनी भावाला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दादांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बहिणीकडे बघितलं, मेहुण्याकडे बघितलं. इंजिनाचं पाणी पिऊन झालं, इंजिनवाल्याने शिट्टी दिली, पुन्हा दिली, डब्यातली माणसं खिडकीतून डोकावू लागली. दादा बसूनच होते.

“छोटी,” ते शेवटी बहिणीला म्हणाले, “मी तिथे होतो. आईने तुझी वाट बघितली हे खरं. पण ती मला म्हणाली होती, तिला इकडे आणू नका, ती घाबरते.” त्यांनी गुडघ्यावरची टोपी फिरवली. “हे मी तुला सांगितलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून.”

मास्तरीणबाई पदर तोंडाला लावून रडल्या, आणि रडता रडता मधेच त्यांना हसू आलं, तसे दादाही हसले. मास्तरांनी विचारलं, स्टेशन कसं चाललंय? दादा म्हणाले, खरं सांगू? नीट चाललंय. त्या दिवशी गाडी अकरा मिनिटं उशिरा निघाली. वहीत या उशिराची नोंद नसल्यामुळे डॉक्टरीणबाईंनी दादांची दोन तास चौकशी केली. दादांनी शेवटी सांगितलं की उशीर वैयक्तिक होता.

मास्तर निघून गेल्याच्या सतराव्या दिवशी नवी चिठ्ठी निघाली. ‘नवे मास्तर रुजू. बुटके. आवाज मोठा. चहा फार.’

आता डॉक्टरीणबाई अडचणीत आल्या. मास्तरांनाच नवे मास्तर म्हणून परत आणावं असं त्यांच्या मनात होतं, आणि त्यासाठी त्या स्वतः वीटभट्ट्यांवर आल्या. पण मास्तर पावणेसहा फूट. शिवाय बोलले तर शेजारच्याला ऐकू जाईल न जाईल असा आवाज. त्यांना बुटकं करण्याबद्दल थोडी चर्चा झाली, गुडघ्यांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मग बाईंची नजर हळूहळू मास्तरीणबाईंकडे वळली. मास्तरीणबाई तेव्हा इंजिनवाल्याला चहा घ्यायला हाक मारत होत्या, आणि ती हाक पडक्या धुरांड्यांवरून परत येत होती.

कोटाच्या बाह्या आत दुमडाव्या लागल्या, टोपी कानांवर आली, बाकी सगळं वहीबरहुकूम होतं. मास्तरीणबाईंनी एकच अट घातली. नवरा घरी राहील. यावर डॉक्टरीणबाई खरोखरच हळहळल्या. घर स्टेशनच्या हद्दीत होतं आणि वहीत स्वच्छ लिहिलं होतं की मास्तर परत आले नाहीत.

“परत येऊच नका,” मास्तरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या. “नुसते या.”

डॉक्टरीणबाईंनी यावर डोळे मिटून विचार केला. येणं आणि परत येणं यात फरक आहे, हे त्यांना मान्य करावं लागलं. प्रवाशांचा आकडा वहीत रोज असतो, नावं नसतात. मास्तर रोज सकाळच्या गाडीने प्रवासी म्हणून आले तर इतिहासाला धक्का लागणार नव्हता. झोपायला मात्र वीटभट्ट्यांवर, निदान वहीत दुसरं काही निघेपर्यंत. मास्तरीणबाई म्हणाल्या, ते आमचं आम्ही बघू; शेवटच्या गाडीनंतर कोण कुठे झोपतं याची नोंद जुन्या मास्तरांनी केलेली दिसत नाही.

पहिल्या दिवशी मास्तर तिकीट काढून खिडकीपाशी बसले. आयुष्यभर गाड्या सोडल्या, पण आपल्याच स्टेशनात उतरण्याची ही पहिलीच वेळ. फलाट येताना बघून त्यांना वाटलं, केवढासा आहे हा. नव्या मास्तर दारात उभ्या होत्या. त्यांनी तिकीट मागितलं, उलटसुलट बघितलं, फाडून अर्धं परत दिलं. मास्तर तिथेच घुटमळले आणि हळूच म्हणाले, आता मी करू काय दिवसभर?

“बाकीचे प्रवासी काय करतात?”

“बाहेर जातात.”

“मग जा की,” त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढच्या माणसाकडे वळून एवढ्या मोठ्याने तिकीट मागितलं की तो दचकला.

मास्तर फाटकातून बाहेर पडले. आठ वर्षांत ते या फाटकातून कधी गेलेच नव्हते. घराचं मागचं दार थेट फलाटावर उघडायचं आणि बाजारहाट मास्तरीणबाई करायच्या. बाहेर एक गल्ली निघाली. सायकल दुरुस्तीचं दुकान, एक शिंपी, आणि कोपऱ्यावर न्हाव्याची टपरी. टोपीशिवाय त्यांना इथे कोणी ओळखत नव्हतं. मास्तरांनी हनुवटीवरून हात फिरवला. वीटभट्ट्यांवरचं पाणी खारं, दाढी धड होत नव्हती. ते जाऊन खुर्चीत बसले.

न्हाव्याने फेस केला आणि विचारलं, नवीन आलात का इकडे?

“आजच आलो,” मास्तर म्हणाले.

मग तुम्हाला माहीत नसेल, म्हणून न्हाव्याने सुरुवात केली. इथल्या स्टेशनात एक मास्तर होता. भला माणूस, पण घड्याळाचा गुलाम. एक दिवस त्याचं डोकं फिरलं आणि तो तिथल्या चहावालीला घेऊन भर दुपारी पळून गेला, चार दहाच्या गाडीने. सगळ्या गावाने बघितलं. मास्तरांनी फेसातूनच विचारलं, चहावालीला? तर! न्हावी म्हणाला, तिचा भाऊ गार्ड, त्याच्याशी त्याच पायी आधी जुंपली होती. मग सतरा दिवसांनी बाई एकटीच परत आली, आणि आता तीच मास्तर आहे.

मास्तर ऐकत होते. न्हाव्याचा हात हलका होता, वस्तरा गालावरून अलगद फिरत होता, आणि पुढची हकीकत कळावी अशी त्यांना मनापासून उत्सुकता वाटू लागली.

“आणि तो? त्याचं पुढे काय झालं?”

“कोण जाणे,” न्हावी म्हणाला. “असेल कुठेतरी मजेत. मिशी ठेवायची का?”